सरकार पडण्याआधीचा केक

डेन्मार्कचं ते सरकार सतरा दिवस टिकलं आणि त्यातले पंधरा दिवस लोणी आणि मार्गारीन यांच्या भांडणात गेले. शेतकरी पक्षाला मार्गारीनवर कर हवा होता. मजूर पक्षाला तो नको होता, कारण त्यांचे मतदार पावाला लोण्याऐवजी हे तेलाचं स्वस्त मार्गारीनच लावत. तिसरा पक्ष इतका चिमुकला की त्याच्या वाट्याला एकच मंत्रिपद आलं, आणि ते मिळालं बोडिल टॉफ्ट यांना. खातं वाहतुकीचं.

बोडिलबाई ल्युंगो बेटावरच्या. लोण्यामार्गारीनचं त्यांना सोयरसुतक नव्हतं, त्यांना हवी होती बोट. हिवाळ्यात ल्युंगोची बोट आठवड्यातून दोनदाच सुटे, आणि बेटावर डॉक्टर नव्हता. त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली ती नेमकी बोट सुटून गेल्यावर. पुढच्या बोटीची वाट बघता बघता ते गेले. बाई राजकारणात शिरल्या त्या तेव्हापासून. रोजच्या बोटीचा हुकूम टाइप होऊन तयार होता; घोडं अडलं होतं अर्थमंत्री क्राग यांच्या सहीपाशी. क्रागसाहेब रोज न चुकता "बघू" म्हणत.

सतराव्या दिवशी सकाळी रेडिओने सांगितलं की शेतकरी पक्ष बाहेर पडतोय. म्हणजे पंतप्रधान हॉल्स्ट दुपारी राजवाड्यावर जाऊन राजेसाहेबांना राजीनामा देणार, आणि राजीनामा दिलेल्या सरकारला नव्या खर्चाचा हुकूम काढता येत नाही. गोड खाल्लं की माणूस जरा नरमतो, म्हणून बैठकीला जाताना त्यांनी बेकरीतून बारा जणांचा क्रीमचा केक घेतला. सकाळी सकाळी एवढा केक माणूस कशाला नेतो, हे बेकरीवालीला विचारायची गरजच वाटली नाही. तिने वर कागदाचे सहा लाल-पांढरे झेंडे खोचून दिले, डेन्मार्कात वाढदिवसाच्या केकवर खोचतात तसे.

बैठकीत सगळे सुतकी चेहऱ्याने बसले होते. बाईंनी खोक्याचं झाकण काढलं. झेंडे बघून शेतीमंत्री ताडकन उभे राहिले.

"अरे, टॉफ्टबाईंचा वाढदिवस! आणि कुणी बोललं नाही?"

"अहो, नाही, मी फक्त..." बाई म्हणाल्या, पण तोवर अख्खं मंत्रिमंडळ उभं राहून गायला लागलं होतं. गाणं झालं, हुर्रे झालं. लोणीवाले आणि मार्गारीनवाले पंधरा दिवसांत पहिल्यांदाच एका सुरात ओरडले.

तेवढ्यात राजीनाम्याचा लिफाफा हातात घेऊन पंतप्रधान आत आले. त्यांनी झेंडे बघितले आणि लिफाफा गुपचूप कोटाच्या खिशात टाकला. वाढदिवसाच्या कॉफीआधी कामाचं बोलणं म्हणजे असभ्यपणाची कमाल, आणि हॉल्स्ट काही झालं तरी सभ्य माणूस.

"राजेसाहेब थांबतील जरा," ते म्हणाले. "मला कडेचा तुकडा द्या. क्रीम जास्त असतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. पण डोळ्यांपुढे वडील आले, आणि बाईंनी खरं सांगायला उघडलेलं तोंड मिटलं. केकची बशी आणि हुकूम दोन्ही घेऊन त्या क्रागसाहेबांपाशी गेल्या.

"वाढदिवसाची भेट मागतेय. बघू म्हणू नका."

क्रागसाहेबांनी आधी केक संपवला, मिशीचं क्रीम पुसलं. मग हुकूम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही ठोकली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले.

कॉफी संपली. पंतप्रधानांनी लिफाफा बाहेर काढला, "मंडळी, झालं आपलं," म्हणाले आणि राजवाड्याकडे निघाले. सगळे कोट चढवू लागले तेव्हा क्रागसाहेब हळूच बाईंजवळ आले.

"टॉफ्टबाई, तुमचा वाढदिवस जूनमध्ये असतो. शपथविधीचे कागद माझ्याच हाताखालून गेलेत."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "मग सही कशाला केलीत?"

"सतरा दिवस आपण नुसतं लोणी लोणी करत बसलो. घरी गेल्यावर बायको विचारेल, काय केलंत म्हणून. काहीतरी सांगायला नको?"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी क्रागसाहेबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मग तडक टेलिफोन गाठला. बेटावर टेलिफोन फक्त मार्टिनुस वाण्याच्या दुकानात होता, आणि मार्टिनुस अजून बोडिलबाईंना परकरी पोरच समजायचा.

"मार्टिनुसकाका, मी बोडिल. सरकार पडलं."

"बरं."

"आता मी मंत्री नाही."

"बरं बरं. घरी ये, मासळी तळून ठेवायला सांगतो."

"आणि काका, सही झाली. बोट आता रोज सुटणार. हिवाळाभर."

पलीकडे मार्टिनुस दुकानातल्या गिऱ्हाइकांना ओरडून काहीतरी सांगताना ऐकू आला, पाठोपाठ खुर्च्या सरकल्या आणि कुणीतरी टाळ्या पिटल्या. बऱ्याच वेळाने तो परत फोनवर आला.

"बोडिल, पोरी," तो म्हणाला, "किती वाजता सुटणार?"