अमुकच्या जागी

नाव

चहा – बाबांनी एकट्याने करायचा; दादाच्या देखत.

वापर

"पिवळं कुठंय?" बाबा गॅसच्या शेगडीपुढे उभे राहून विचारत होते.

"तेच आहे बाबा. नीट करून लावलंय." ती स्टुलावर चढून शेवटच्या कागदाचा कोपरा चिकटपट्टीने दाबत होती. "आता घरभर सगळं एकसारखं. वर वस्तूचं नाव, खाली काय करायचं ते. जाड अक्षरात असेल ते जसंच्या तसं. तिरपं असेल तिथे आपलं घालायचं."

"आपलं काय?"

"जे असेल ते."

"बरं," बाबा म्हणाले. पण त्यांचे डोळे भिंतीवर काहीतरी शोधतच राहिले.

आई गेल्यापासून बाबांचं विसरणं वाढलं होतं, आणि दिवसभर ते घरात एकटे असत. दादाने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. "माझ्यासमोर त्यांनी एक कप चहा स्वतः करून दाखवू दे," तो फोनवर म्हणाला होता, "मग मी तोंडातून शब्द काढणार नाही." आज संध्याकाळी तो येणार होता. म्हणून तिने घरातल्या जुन्या चिठ्ठ्या, कुठे कॅलेंडरचं पान, कुठे खोक्याचा पुठ्ठा, सगळ्या उतरवून नवे कागद लावले होते. तिचं कामच ते होतं.

वर्णन

ऑफिसात तिला ठळकताई म्हणत. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेकडो आज्ञा असतात आणि प्रत्येक आज्ञेमागे माहितीचं एक पान: नाव, वापर, वर्णन, उदाहरण, दोष, हेही पाहा, याच क्रमाने. पानं लिहितात इंजिनिअर, आणि दर इंजिनिअरची तऱ्हा वेगळी. कुणी उदाहरणानेच सुरुवात करतो, कुणी धोक्याची सूचना पार तळाशी दडवतो, कुणाला सगळंच जाड अक्षरात ओरडून सांगायचं असतं. ती सगळ्यांना एका वळणावर आणायची.

"ठळकताई, माझं उदाहरण पुन्हा खाली ढकललंत?" पलीकडच्या टेबलावरचा इंजिनिअर मान उंच करून म्हणाला. "वर होतं तर काय आभाळ कोसळत होतं?"

"उदाहरण वर्णनानंतर. सगळीकडे तसंच आहे."

"पण ही पानं आता वाचतं कोण?"

"अडलेला माणूस. आणि तो आधी शब्द वाचत नाही, जागा बघतो. रोजच्या जागी रोजची गोष्ट दिसली की त्याचा जीव भांड्यात पडतो."

"आणि नाही दिसली तर?"

"गांगरतो. मग तो काय करेल याचा नेम नाही."

"म्हणजे माझ्या पानाने कुणीतरी मरणार!" तो हसला. तीही हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मी बाबा बोलतोय. मला अमुक हवंय."

फोनजवळच्या कागदावर तिनेच लिहिलेलं वाक्य होतं ते.

"अमुक म्हणजे काय हवंय, बाबा?"

"अमुक," ते सावकाश म्हणाले. "इथे लिहिलंय."

"तिथे तुमचं घालायचं. तिरपं आहे ना ते?"

"तिरपं आहे," त्यांनी कबूल केलं. आणि पुढे म्हणाले, "तू लिहिलंयस ना? मग तुला माहीत असेल."

फोन ठेवल्यावर तिला हसू फुटलं आणि लगेच विरलंही. लिहिताना तिच्या मनात काय होतं? पाणी? औषध? खरं तर काहीच नव्हतं.

"घरी सगळं ठीक?" इंजिनिअरने विचारलं.

"तिरप्याचा घोळ," ती म्हणाली.

उदाहरण

"तू आत जायचं नाही," दादा सोफ्यावर बसत म्हणाला. "खुणासुद्धा नाहीत."

"मी काय कॉपी पुरवणारे?"

"तुझा भरवसा नाही. शाळेत असताना माझी चित्रं बाबांकडून तूच काढून आणायचीस."

बाबा शाळेत चित्रकला शिकवत. घरात फक्त दादाला चित्र येत नसे. बाबांनाही हे आठवलं असावं. ते गालात हसले आणि स्वयंपाकघरात गेले.

बाहेर दोघं कान देऊन बसली. शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला. मग सपाता फरफटल्या. मग मागच्या दाराची कडी. मग दिव्याचं बटण. दादाने भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "करू दे त्यांना."

बाबा बाहेर येऊन खुर्चीत टेकले. "झालं."

"चहा कुठंय?"

"सगळं केलं. बटण फिरवलं. कडी लावली. दिवा घालवला. बाहेर आलो."

वास दोघांना एकदमच आला.

"दिवा लावू नकोस!" दादा ओरडत आत धावला. त्याने अंधारात चाचपडत शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, मागचं दार उघडलं.

बऱ्याच वेळाने दिवा लावला तेव्हा तिला दिसलं. शेगडीचा कागद आणि मागच्या दाराचा कागद शेजारीशेजारी होते. तोच आकार, तीच चौकट, तीच अक्षरं. पहिली ओळ बाबांनी इकडची वाचली होती, पुढच्या तिकडच्या.

दोष

"रविवारी येतो," दादा म्हणाला. तो चिडला नव्हता. "त्यांचे कपडे भरून ठेव."

"कालपर्यंत जमत होतं रे त्यांना. रोज करायचे चहा."

"मग आज काय झालं?"

काल शेगडीपाशी पिवळा पुठ्ठा होता, चहाच्या खोक्याचा. हॉस्पिटलात जाण्याआधी आईने त्यावर लिहून ठेवलं होतं: अहो, आधी काडी पेटवा, मग बटण. धांदल नको. खाली बाबांनी किटली काढली होती. वर नाव नाही, ओळींना आकडे नाहीत, घरात काडेपेटी जाऊन लायटर आला तरी काडी तशीच. चुकाच चुका. सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेला तो.

दादा गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, दुपारी फोनवर काय हवं होतं?"

"पिवळं."

"मग तसं म्हणायचं ना."

"तिथे अमुक लिहिलं होतं," बाबा म्हणाले.

हेही पाहा

तिने कपाटातला चहाचा नवा पिवळा खोका डब्यात रिकामा केला आणि त्याची एक बाजू कापली. आईचं अक्षर तिला हुबेहूब काढता यायचं. शाळेत प्रगतिपुस्तकावरच्या सह्या त्यावरच निभावल्या होत्या. तिने पेन टेकवलं आणि थांबली. पहिलाच शब्द 'अहो'. बापाला अहो कसं लिहायचं?

बाबांनी तिच्या हातातून पेन घेतलं. पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला एका रेषेत किटली काढली. हात जराही हलला नाही. शेजारी एक पेटलेली काडी काढली. मग पेन बंद करून खिशाला लावलं.

"वर मी लिहू?" तिने विचारलं. "बाबा, असं लिहिते."

त्यांनी कोऱ्या जागेवर तळवा ठेवला. "इथे नको. ही तिची."

तिने शेगडीजवळचा कागद काढला आणि त्या जागी पुठ्ठा लावला, वरचा भाग कोरा ठेवून. मागे सरून पाहिलं. एका बाजूने उतरून तिरपा झाला होता.

बाबा बंद शेगडीसमोर उभे राहिले आणि वरपासून सावकाश वाचू लागले. ओठ हलत होते.

ती पुठ्ठा सरळ करायला गेली नाही.