शेवटच्या ओळीतली नळी

सिस्टरनं ट्रेमधलं नळीचं पाकीट उचललं आणि ताईनं पुढे वाकून ते वाचलं. पाकिटावरचा लॉट नंबर तिच्या ओळखीचा होता. नळ्यांना लेप देणाऱ्या कारखान्यात ती लेप विभागाची प्रमुख, आणि हा लॉट तिनंच पास केला होता. त्यापुढे नळीचा क्रमांक होता, सेहेचाळीस.

"तायडे, तुझं तोंड का उतरलं? नळी मला घालणार आहेत," खाटेवरून धाकटा भाऊ म्हणाला. त्याची मूत्रपिंडं थकली होती, जीभ मात्र ठणठणीत होती. मानेतून हृदयाजवळ जाणारी ही नळी बसली, की त्याचं रक्त मशीनमधून शुद्ध होऊन परत यायचं होतं.

ताईला हसू फुटेना. रक्तातली प्रथिनं मोठी लोचट. परकी वस्तू दिसली रे दिसली, की जाऊन चिकटतात. त्यांच्या पाठोपाठ पेशी येतात आणि बघता बघता गुठळी होते. म्हणून तर नळीला पॉलिमरचा असा लेप द्यायचा, की कुणाला तिथं पाय रोवताच येऊ नये. नळ्या द्रावणात बुडवून स्टँडवर टांगायच्या आणि दिव्यासमोर ठेवायच्या. तो प्रकाश पडला तरच लेप धरतो. चार ओळी, एकेका ओळीत बारा नळ्या. सोबत नमुन्याचा एक तुकडा. तो रंगीत प्रथिनांच्या पाण्यात बुडवायचा आणि कोरा निघाला की अख्खा लॉट पास.

हा तुकडा टांगायचा कुठे? पहिल्या ओळीत, दिव्याच्या अगदी पुढ्यात. म्हणजे नापास व्हायची भानगडच नको! ही शक्कल ताईचीच. नव्या मुलींना ती मोठ्या ऐटीत शिकवायची. मागच्या ओळीवर पुढच्या नळ्यांची सावली पडते, हे तिला दिसत नव्हतं थोडंच? पण कधी तक्रार आली नाही, आणि तिनंही त्याकडे काणाडोळा केला. सेहेचाळीस म्हणजे शेवटची ओळ.

डॉक्टर हातमोजे चढवून आले. सिस्टरनं पाकिटाचं टोक धरलं. बोलावं तर नोकरी जाणार, कदाचित बेड्याही पडणार.

"थांबा! ती नळी घालू नका. तिचा लेप नीट बसलेला नसेल."

"ताई, घाबरू नका. सगळं तपासून येतं," डॉक्टर म्हणाले.

"तपासते ती मीच!"

मग तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या कंपनीची नळी मागवली. ताईचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर तिच्यासमोरून हलेनात.

"हे फक्त या लॉटपुरतंच?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

भावानं तिच्या हातातला आपला हात काढून घेतला.

"शेवटच्या ओळीचे नंबर सांगा."

"सदतीस ते अठ्ठेचाळीस."

डॉक्टरांनी शेजारच्या हॉलचं दार उघडलं. तिथं बारा खाटा होत्या आणि बारा मशीनं चालू होती. "सिस्टर, सगळ्यांच्या फायली बघा. या कंपनीची नळी असेल तर तिचा नंबर वाचा."

"एक्केचाळीस," पहिल्याच खाटेपाशी सिस्टर म्हणाली. खाटेवरची म्हातारी घाबरून एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारू लागली, "काय झालं? मला काय झालंय?"