कपलरमधला आवाज

दारातून हाका मारून घसा दुखायला लागला, तेव्हा यास्मिन सरळ ओसरीवर चढली आणि कुशाबाईंच्या पुढ्यातली वायरींची पिशवी तिने उचलली. तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

"आगं, कवा आलीस?"

यास्मिनचा अर्धा राग तिथंच गेला. उरलेला तिने धरून ठेवला. ओतूरहून ती स्कूटर दामटत पिंपळवंडीला आली होती ती जाब विचारायलाच. चाकणच्या एका कारखान्याचं, गाड्यांच्या वायरिंगचं काम ती गावोगावच्या बायकांना वाटायची. वायरीच्या टोकाला आवळलेली पिन प्लॅस्टिकच्या कपलरमधल्या ठरलेल्या भोकात सरकवायची, आणि आत 'कट्' वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर पिन अर्धवट बसते, ओढली तरी धरून राहते आणि पुढे कुणाची तरी गाडी ऐन घाटात बंद पडते. म्हणून कामाला बसल्या की बायका टीव्ही बंद करत, मिक्सर बंद करत, सासूशी भांडणसुद्धा दुपारवर ढकलत. आणि काल बाजारात कुशाबाईंच्या सुनेने, आरतीने, सहज सांगून टाकलं होतं की सासूबाईंना गेलं वर्षभर काहीच ऐकू येत नाही.

"काम बंद, मावशी," यास्मिन एकेक शब्द तोडत मोठ्याने म्हणाली. "तुमाला कट् ऐकू येत न्हाई. मला सांगितलं का न्हाई?"

कुशाबाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक कपलर उचलला, कानाखाली जबड्याच्या हाडाला टेकवला, डोळे मिटले आणि पिन आत दाबली.

"बसली."

यास्मिनने वायर ओढली, कपलर उजेडात धरून आत पाहिलं. पक्की होती. पिशवीतले तयार कपलरही तिने तपासले. एकही पिन कच्ची नव्हती.

"तू करून बघ," कुशाबाई म्हणाल्या आणि आपले दोन्ही तळवे त्यांनी तिच्या कानांवर घट्ट दाबले.

रस्त्यावरचा ट्रॅक्टर, कोंबड्या, सगळं एकदम गेलं. यास्मिनने कपलर जबड्याला लावून पिन दाबली. कट् बाहेरून आलंच नाही. ते थेट डोक्याच्या आत, दाढांच्या मुळाशी वाजलं, आणि इतकं मोठं की ती दचकली. एवढ्याशा पितळी पिनेत एवढा आवाज!

"या अल्ला," ती पुटपुटली आणि तिने लगेच दुसरी पिन घेतली.

कुशाबाईंनी हात काढले.

"नात आरोही बोलाया लागली म्हनं औंदा. मला निस्तं तोंड हालताना दिसतं. दिसभरात ह्यो येवढाच आवाज येतो, पोरी. त्यो नगं नेऊ."

यास्मिनने पिशवी खाली ठेवली. क्षणभर ती त्यांच्या कानाखालच्या हाडाकडे बघत राहिली. मग गुडघ्यांवर सरकत जवळ गेली, आपली हनुवटी तिने त्या हाडाला घट्ट टेकवली आणि हाक मारली.

"मावशी."

कुशाबाईंनी तिचं मनगट करकचून धरलं. बराच वेळ सोडलं नाही. मग घराकडे तोंड करून त्या ओरडल्या,

"आरती! आरोहीला घिऊन ये भाईर. लवकर ये!"