दर्यापूरवाली

मानवी हक्क या विषयात एम.ए. करायचं सीमानं ठरवलं, तेव्हा सासूनं, म्हणजे मैनाबाईनं, एवढंच म्हटलं, "त्याच्यात सासूचा हक्क कोन्त्या पानावर हाय, ते पाह्यजो वं." नवरा हसला, पोरं हसली. हसली नाही ती एकटी चंदा, सीमाची धाकटी जाऊ.

"जा ना बाई तुमी. भाकरी मी टाकून जात जाईन."

आणि नांदगाव पेठच्या शर्टांच्या कारखान्यात कामावर जायच्या आधी चंदा खरंच रोज घरभराच्या भाकरी थापून जायची. अमरावतीत कॉलेजच्या वर्गात हजेरी सीमाची लागायची, पण ती चंदाच्या तव्याच्या जोरावर.

दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहायचा होता. सर म्हणाले, "पुस्तकातलं उतरवू नका, मॅडम. आजूबाजूचं आणा." आजूबाजूचं म्हणजे काय, ते सीमाला शोधायला कुठं जावं लागलं नाही. ते तिच्यासमोर फतकल मारून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलं होतं.

"बाथरूमले जायचं तं चकती लागते," चंदा सांगत होती. "लाल चकती. पुऱ्या लाइनीले एकच. सुपरवायझरच्या टेबलावर राह्यते. एक घेऊन गेली का बाकीच्यांनी बसा मुंडी खाली घालून. म्हनून आमी पानीच पेत नाई."

"अन् मंग?"

"मंग काय, जळजळ. डॉक्टर म्हनते, बाई, पानी पेत जा. म्या म्हनलं, चकती तू देशीन काय?"

दोघी इतक्या हसल्या की शेंगांचं टोपलं लवंडलं. दाणे वेचता वेचता सीमानं विचारलं, "हे लिहू का मी?"

"लिहा ना. पन माहं नाव नोका टाकू."

सीमानं शब्द पाळला. संशोधनात माणसाचं नाव बदलायचं असतं, हे तिला वर्गात शिकवलंच होतं. पण चंदाला मंदा किंवा सुनंदा म्हणायला तिचं मन घेईना. तिऱ्हाईत बाईबद्दल लिहितोय असं वाटायचं. घरात मैनाबाई सुनांना नावानं कधीच हाक मारत नसत. जिचं जे माहेर, ती तिची हाक. सीमा वलगाववाली, चंदा दर्यापूरवाली. नाव तोंडी येऊ नये म्हणून तर ही हाक. मग तिच्यात नाव कुठलं यायला? सीमानं प्रबंधात जिथं तिथं लिहिलं, दर्यापूरवाली.

डिसेंबरात, मानवी हक्क दिनाला, अकोल्याच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. सरांनी तिला तिथं निबंध वाचायला लावला. वाचता वाचता ती लाल चकतीपाशी आली तशी सभागृहातली कुजबुज थांबली. शेवटी टाळ्या पडल्या. आजवर तिच्यासाठी टाळ्या कोणी वाजवल्या होत्या? परतीच्या एसटीत, खिडकीच्या खडखडाटात, ती मूर्तिजापूरपर्यंत एकटीच गालात हसत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'चकती नाही म्हणून पाणी नाही : दर्यापूरवालीची व्यथा'. सीमानं ती मोबाइलच्या स्टेटसला ठेवली.

त्याच आठवड्यात चंदा एकदा भर दुपारी घरी आली. पाय धुतले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्याली.

"काहून वं, आज लवकर?"

"उद्यापासून येऊ नोको म्हनलं."

"काहून?"

चंदा तांब्या पालथा घालत म्हणाली, "पेपर दाखवला त्यायनं मले."

सीमाला काही उमजेना. नाव तर कुठंच नव्हतं! सकाळी ती ऑटो करून नांदगाव पेठला गेली आणि कारखान्याच्या गेटवर उभी राहिली.

"चंदाच्या कामाबद्दल साहेबांशी बोलायचं होतं."

"कोन्ती चंदा?" वॉचमन म्हणाला. "तीन चंदा हायेत इथं."

सीमानं आडनाव सांगितलं. त्यानं मान हलवली. "आडनाव मले नाई समजत बाई. इथल्या बाया एकमेकीले गावावरून हाका मारते. मोर्शीवाली, परतवाड्यावाली. तुमची कोन्ती?"

 सांगितल्याशिवाय तो आत निरोप तरी काय देणार?

"दर्यापूरवाली," ती म्हणाली.

"हां, ते पेपरातली!" वॉचमनला ओळख पटल्याचा आनंदच झाला. "तिले तं काढलं ना. दर्यापूरवाली एकच होती इथं."

म्हणजे सरळ 'चंदा' लिहिलं असतं, तर तिघींमध्ये ती झाकली गेली असती. सीमा गेटवरच्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिली. साहेब काही भेटले नाहीत.

सरांकडे गेली, तर सर हळहळले. मनापासून हळहळले. "तक्रार करता येईल, मॅडम. कायदा आहे, कामगार कार्यालय आहे, आयोग आहे. पण अर्ज त्यांनी स्वतःच्या नावानं करायला हवा."

"आणि मी जे लिहिलं, त्याचं काय?"

"ते संशोधन आहे. उत्तम संशोधन. अकोल्याहून मुद्दाम फोन आला होता."

यापुढं सर आणखी काही म्हणतील म्हणून ती थांबली. सरांनी तिच्यासाठी चहा सांगितला.

घरी तिनं अर्जाचं काढलं, तशी चंदा म्हणाली, "नाव दिलं का मंग झालंच. बाजूच्या कंपन्यायच्या गेटवरबी कोनी उभं करनार नाई मले. राहू द्या बाई. तुमी पास व्हा."

"तू मले दोन शिव्या तरी दे वं, चंदा."

"काहून देऊ? तुमी नाव थोडीच टाकलं?"

आता चंदा दिवसभर घरीच असते. भाकरी तिच्या, भांडी तिची, आणि सीमाच्या वाटणीचे कपडेसुद्धा तिनं न बोलता आपल्याकडे घेतलेत. सीमाला अभ्यासाला कधी नव्हे इतका वेळ आहे. ती प्रबंध उघडून बसते. दर्यापूरवाली खोडते. तिथं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून पुन्हा तेच लिहिते.

परवा तिच्याजवळ बसून मेथी निवडता निवडता चंदा उठली आणि तिच्याकडं बघत हात पुढं करून उभी राहिली.

"काय पाह्यजे?" सीमानं विचारलं.

चंदानं आपल्याच रिकाम्या हाताकडं पाहिलं. "अवं माय!" म्हणत जीभ चावली, आणि हसत हसत मागच्या अंगणातल्या बाथरूमकडे पळाली.

तेवढ्यात आतून मैनाबाईची हाक आली, "दर्यापूरवाली, चहा टाक वं!"

सीमा पुस्तक मिटून उठली. "टाकते मी, आई."

"तू बस, अभ्यास कर तुहा," मैनाबाई म्हणाल्या. "ते हाय ना आता घरी."