नव्वद दिवस कुठून मोजायचे

मी दात करते. म्हणजे कवळ्या. डॉक्टर लोक तोंडात बघून माप घेतात आणि माझ्याकडे पाठवतात. पुढचं सगळं आमच्या घराच्या मागच्या खोलीत होतं: प्लास्टरचा साचा, गुलाबी मेण, एकेक दात बसवणं, चाकावर घासून गुळगुळीत करणं. सत्तावीस वर्षं करतेय. शिकले सासऱ्यांकडून, याच खोलीत, याच टेबलाशी, बोलणी खाऊन. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. सासरे आता चौऱ्याऐंशीचे आहेत. हात थरथरतात म्हणून काम सोडलं, पण खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसतात. त्यांच्या तोंडातली कवळी मीच केलेली आहे, त्यामुळे माझ्या कामाला नावं ठेवायलाही त्यांना माझेच दात वापरावे लागतात. हे मी त्यांना अधूनमधून ऐकवते.

त्या मंगळवारी मी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याची कवळी घेऊन बसले होते. चार महिने बिचारा बोळक्या तोंडानं वावरत होता. त्याची एकच मागणी होती, पुढचे दात असे जुळले पाहिजेत की धागा तोडता आला पाहिजे. कात्री शोधण्यात निम्मा दिवस जातो म्हणाला. मी पुढचे दोन दात तिसऱ्यांदा मेणातून काढून परत बसवत होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. माझ्याकडे सगळ्यात जास्त काम यांच्याकडूनच येतं. एरवी त्या माणूस पाठवतात. त्या स्वतः आल्या म्हणून मी हातातलं काम खाली ठेवलं.

त्या बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं की नवा कायदा झालाय, आता नोंदणी असलेल्यांनीच कवळ्या करायच्या, आणि नोंदणीला पदविका लागते. पदविका नसेल पण दहा वर्षांचा अनुभव असेल, तर नव्वद दिवसांत अर्ज करायची सोय होती. ती मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली. हे त्यांनी दोन ठिकाणी वाचलं होतं. एक, आम्हाला मेण आणि प्लास्टर पुरवणाऱ्या कंपनीच्या मासिकात. दुसरं, आमच्या कारागीर संघटनेच्या परिपत्रकात. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मुदत संपली, आता नाइलाज आहे. शिंप्याचं काम त्यांना दुसरीकडे द्यावं लागणार होतं. साचा लगेच न्यायला त्यांना जड गेलं असावं, कारण शुक्रवारपर्यंत राहू दे म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आणि मग राग आला, पहिला स्वतःचाच. संघटनेच्या सेक्रेटरीला आम्ही सगळे ‘परिपत्रक’ म्हणतो. हा माणूस दिवसाला तीन परिपत्रकं फोनवर पाठवतो. सकाळी फुलं, दुपारी प्लास्टरचे भाव, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. वर्षभरापूर्वी मी कंटाळून फोनवर त्याच्या संदेशांचा आवाज बंद करून टाकला होता. फुलांच्या ढिगाऱ्यात कायदा येऊन गेला आणि मला पत्ता नाही. चूक माझी, कबूल. पण त्याची काय कमी? घरात आग लागली हे सांगताना कुणी आधी गुलाबाचं फूल दाखवतं का?

नवरा कामावरून आला, ऐकलं आणि म्हणाला, होईल काहीतरी. मी त्याला असं काही बोलले की तो जेवताना मान वर करेना. नंतर वाईट वाटलं. पण सत्तावीस वर्षांचे हात एका ओळीनं बेकायदा ठरले तर माणसानं करायचं काय? पन्नाशीनंतर कुणाकडे जाऊन काय काम मागायचं? मला दुसरं काही म्हणजे काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी खुर्चीतून विचारलं, “कागद पाहिलास का?”

मी म्हटलं, परिपत्रकात आलंय, मासिकात आलंय, आणखी काय बघायचं?

“ते नव्हे. मुळातला कागद पाहिलास का?”

आमच्या कामात त्यांचा एक नियम आहे आणि त्यावरून मी नवी असताना रडेपर्यंत बोलणी खाल्लीत. साच्यावरून साचा काढायचा नाही. पहिला साचा फुटला तर डॉक्टरांकडून पुन्हा माप मागवायचं, हातातल्या प्रतीवर भागवायचं नाही. प्रत्येक प्रतीत केसभर फरक पडतो आणि तोंडाला केससुद्धा कळतो. आता म्हातारे माझ्याकडे त्याच नजरेनं बघत होते. कायद्याचं आणि कवळीचं काय नातं, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. चपला घातल्या आणि निघाले.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर सरकारी कागदपत्रांची खोली आहे हे मला वाचनालयाच्या पाटीवरूनच कळलं. इतकी वर्षं मी तिथून फक्त स्वयंपाकाची पुस्तकं आणली होती. खोलीत लोखंडी कपाटं, लांब टेबल आणि केसांत पेन्सिल खोवलेल्या एक ग्रंथपालबाई. कायद्याचं नाव काय, त्यांनी विचारलं. माहीत नाही. मंजूर कधी झाला? तेही माहीत नाही. मग तुम्ही काय करता? दात करते, मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत, एवढ्यावरच मला त्या आवडल्या.

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचं एक पान असतं म्हणे. ते कधी मांडलं, कुठल्या समितीकडे गेलं, कुणी काय हरकत घेतली, कधी मंजूर झालं, सही कधी झाली, सगळं तारखेवार. हे घरबसल्या कुणालाही फुकट बघता येतं. मी तोंडात मारल्यासारखी बघत राहिले. समितीपुढे आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी जाऊन अनुभवाची सवलत मागून घेतली होती, हेही त्यात होतं. आमच्यासाठी कुणीतरी भांडलं होतं आणि मी इथे मेण वितळवत बसले होते.

कायदा मंजूर होऊन त्या दिवशी बरोबर एकशे बारा दिवस झाले होते. मी बोटांवर मोजलं आणि उठायला लागले. बाईंनी हातानं थांबवलं.

“मंजूर झालाय हे दिसतंय,” त्या म्हणाल्या. “लागू झालाय का, ते वेगळं बघावं लागतं.”

त्यांनी कायद्याचा मजकूर उघडला आणि सवलतीचं कलम मला मोठ्यानं वाचायला लावलं. नव्वद दिवस होते, बरोबर. पण ‘हा अधिनियम अंमलात आल्याच्या दिनांकापासून’ नव्वद दिवस. मग त्यांनी अगदी पहिल्या पानावर नेलं, जिथे कुणी कधी बघत नाही. तिथे लिहिलं होतं की शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल. म्हणजे सरकार कधीतरी राजपत्रात तारीख छापणार, कायदा त्या दिवशी लागू होणार आणि आमचे नव्वद दिवस तिथून सुरू होणार.

“आणि ती तारीख छापली असेल तर?” मी विचारलं.

बाईंनी कपाटातून राजपत्राचे सोळा अंक काढून माझ्यापुढे ठेवले. आठवड्याला एक, मंजुरीपासूनचे सगळे. संगणकावर शोधून त्या आधीच नाही म्हणाल्या होत्या, पण तुम्ही स्वतः बघा, म्हणाल्या, म्हणजे घरी जाऊन झोप लागेल. मी बघितलं. एकेक पान बघितलं. कुणी नाव बदललं होतं, कुठल्या तरी रस्त्याची हद्द बदलली होती, वजनकाट्यांचे नियम होते, एका पुलाचं टेंडर होतं. आयुष्यात इतकं रटाळ काही वाचलं नाही आणि इतक्या जीव लावूनही काही वाचलं नाही. दुपार झाली. सोळाव्या अंकाचं शेवटचं पान उलटलं. दातांबद्दल अक्षर नव्हतं.

मग बाईंनी मला खात्याचा फोन नंबर दिला. पलीकडच्या कारकुनानं आधी तीन वेळा थांबवून ठेवलं, पण शेवटी नीट सांगितलं. नियम अजून लिहून व्हायचेत, ते झाल्याशिवाय तारीख ठरत नाही, अर्जाचा नमुनासुद्धा अजून तयार नाही. तोवर तुमचं काम जसं चालू आहे तसं चालू ठेवा बाई, असं तो म्हणाला. फोन ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी त्या लांब टेबलाशी बसून रडले. सांगायला मला लाज वाटत नाही. बाईंनी पाणी आणून दिलं आणि शांतपणे अंक परत कपाटात लावत बसल्या.

मासिकवाल्या कंपनीला मी मनातल्या मनात चार शब्द सुनावत होते, पण बाईंनी तो अंकही काढून दाखवला. कंपनीनं फक्त ‘मंजूर’ असं छापलं होतं, आणि ते खरंच होतं. त्याच्यापुढे नव्वद मोजले होते परिपत्रकानं. निघताना बाईंनी एक जाड वही पुढे केली. आपला विषय आणि नंबर लिहून ठेवायचा, राजपत्रात त्यावर काही आलं की त्या कळवतात. खात्याच्या संकेतस्थळावर नाव घातलं तर तिथूनही संदेश येतो, तेही त्यांनी माझ्या फोनवर करून दिलं. वहीत माझ्या वरच्या ओळीत कुणीतरी ‘मधमाश्या’ लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, ‘दात’.

कायद्याचं पहिलं पान आणि सवलतीच्या कलमाचं पान, दोन्हींच्या प्रती काढल्या आणि थेट परिपत्रकाच्या घरी गेले. भांडायलाच गेले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते, आणि चांगलं जुळलं होतं. त्याचा कारखाना घराच्याच पुढच्या खोलीत आहे. दार उघडं होतं. तो जमिनीवर बसून आपली हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. घासायचं चाक सुटं करून भिंतीला टेकवलेलं. टेबल रिकामं, पुसलेलं.

“वहिनी, या,” तो म्हणाला. “मेण हवंय का? घेऊन जा. मला आता काय करायचंय?”

माझं जुळवलेलं सगळं तोंडातच राहिलं. मी विचारलं तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं की पदविका त्याच्याकडेही नाही. एकतीस वर्षं झाली, कुणाला सांगितलं नव्हतं. सेक्रेटरी माणूस, कसं सांगणार? पंच्याऐंशीव्या दिवशी तो अनुभवाचे सगळे दाखले घेऊन कार्यालयात गेला होता. खिडकीवरच्या माणसानं असा काही अर्जच नाही म्हणून परत पाठवलं. याला वाटलं, आपल्यालाच टोलवताहेत. आणखी दोनदा गेला, तेच उत्तर. मग नव्वदावा दिवस उलटला आणि त्यानं सगळ्यांना मुदत संपल्याचं कळवून टाकलं. त्या दिवशी फुलं पाठवली नव्हती, असं तो म्हणाला, आणि ते मला कुठेतरी लागलं, कारण मी बघितलंच नव्हतं.

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि पहिलं पान त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. मग दुसरं दिलं. ते वाचून त्यानं पुन्हा पहिलं घेतलं. खात्यातला माणूस फोनवर काय म्हणाला तेही सांगितलं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

“म्हणजे मला उशीर झाला नव्हता,” तो अगदी हळू म्हणाला. “मी लवकर गेलो होतो.”

“फार लवकर गेला होतात, भाऊजी. तारीखसुद्धा अजून जन्माला यायचीय.”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आतून त्याची बायको काय झालं बघायला आली, तर हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली हत्यारं एकेक करून सोडत होता आणि तिला ओळीनं नावं सांगत होता, जणू आजच विकत आणलीत. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, चहा टाका, मग सांगते.

चहा होईपर्यंत आम्ही परिपत्रक लिहिलं. त्यानं सवयीनं ‘सर्व सन्माननीय सभासद बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार’ लिहिलं, ते मी खोडलं. पहिल्या ओळीत लिहायला लावलं की मुदत संपलेली नाही, सुरूही झालेली नाही, आधीचं पत्र माझ्याकडून चुकीचं गेलं. ‘माझ्याकडून’ हा शब्द त्यानं आपणहून घातला. खाली कायद्याची दोन्ही पानं जोडली, संकेतस्थळाचा पत्ता दिला, खात्याचा नंबर दिला. दीडशे लोकांना गेलं. पाच मिनिटांत त्याचा फोन वाजायला लागला तो थांबेचना, आणि मी निघाले तेव्हा तो कुणाला तरी समजावत होता की अरे बाबा, रडू नकोस, भट्टी विकली नाहीस ना अजून?

घरी आले तर सासरे खिडकीतच होते. मी म्हटलं, “पाहिला, बाबा. मुळातला.” त्यांनी मान डोलावली आणि आज चहाला एवढा वेळ का, एवढंच म्हणाले. नवऱ्याला फोन करून सांगितलं. कालच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, होईल काहीतरी असं मी म्हणालोच होतो. या वेळी मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पानं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं, मोठा श्वास सोडला आणि साचा माझ्याकडेच राहू दिला.

शुक्रवारी शिंपी आला. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या, कवळी त्याच्या तोंडात त्यांनीच बसवली. त्यानं दोनदा तोंड मिटलं, उघडलं, जीभ फिरवून बघितली. मग खिशातून पांढऱ्या धाग्याची रीळ काढली, वीतभर धागा ओढला, दातांत धरला आणि झटका दिला. धागा तुटला. त्यानं तुटलेलं टोक आम्हाला दाखवलं, स्वच्छ, एकही तंतू सुटलेला नाही. मग दुसरा तोडला, मग तिसरा. खुर्चीतून सासरे म्हणाले, “पुरे आता, दात तिचे आहेत, वापरून संपवशील.”