चूलबंद आवतन

माळबोरगावच्या प्राथमिक शाळेतून निघालेली कुठलीही सूचना घरी धड पोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कानगुले गुरुजी फळ्यावर लिहायचे, लेकरं वहीत उतरवून घ्यायची, आणि घर येईपर्यंत त्यातलं आपल्या सोयीचं तेवढंच शिल्लक राहायचं. ‘शनिवारी पालकसभा’ ही बातमी निम्म्या घरांत ‘शनिवारी सुट्टी’ म्हणून पोचली होती. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली, तेव्हा तर पहिला सबंध आठवडा कुणी घरी चकार शब्द काढला नाही. लेकरं दहाच्या ठोक्याला डुलत यायची आणि गुरुजींनाच विचारायची, शाळा इतक्या लवकर काहून सोडून राहिले म्हणून.

त्यामुळे २००३च्या संक्रांतीनंतर वरून मोठा बदल आला, तेव्हा गुरुजींनी लेकरांवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं. बदल असा, की दर महिन्याला लेकरामागं तीन किलो तांदूळ घरी मिळायचा तो बंद. त्याऐवजी सोमवारपासून शाळेतच खिचडी शिजणार आणि दुपारच्या सुट्टीत लेकरं तिथंच जेवणार. घरून डबा द्यायचा नाही.

खिचडी शिजवायला गुरुजींनी पद्माबाईला सांगितलं. पद्माबाई म्हणजे बौद्धवाड्यातल्या अमृतरावांची बायको. सातवी पास, तोंडानं फटकळ, आणि हाताला अशी चव की वाड्यातल्या लग्नात शंभर-दीडशे पानांची भाजी तीच करायची. पण बाकीचे दिवस लोकांच्या हळदीच्या रानात मजुरीला वाकण्यात जायचे. शाळेचं काम म्हणजे सावलीतलं काम, आणि नाव घेऊन बोलावलेलं. तिला ते मनापासून हवं होतं. तिनं शुक्रवारीच शाळेमागच्या पत्र्याखाली चूल मांडली, दोन्ही डेगा राखेनं घासल्या आणि तिसरीतल्या आपल्या पल्लवीला चारचारदा बजावलं की वर्गात उगाच मिरवू नको. स्वतः मात्र ती दोन दिवस मिरवत होती.

शनिवारी माशी शिंकली. शाळेच्या ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष होते उकंडराव. गाव त्यांना आण्णा म्हणायचं. साठ एकरांचे धनी, आणि सही करायची भारी हौस. चष्मा कोटाच्या खिशात असायचा, पण सहीला चष्मा लागतोय कशाला, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी पालकांसाठीची सूचना पुढं धरली, त्यांनी न वाचता झोकदार सही ठोकली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की शिजवणार कोण. गुरुजींनी नाव सांगितलं. आण्णा जरा थांबले, आणि म्हणाले की आमच्या नातीला, पुनमला, काही बाहेरचं सोसत नाही, तिचं पोट नाजूक आहे, तिला आपला घरचा डबा बरा.

दुपारपर्यंत गावातल्या वीस-पंचवीस घरांतल्या लेकरांची पोटं नाजूक झाली.

पोटाचं दुखणं कुठलं आहे हे न कळायला पद्माबाई काही दूधखुळी नव्हती. त्यातून ती पुनम रोज दुपारी पल्लवीच्या डब्यातली ठेचा-भाकर हाणायची आणि आपली पोळी पल्लवीला द्यायची. गेले सहा महिने ते नाजूक पोट पद्माबाईच्याच हातच्या भाकरीवर पोसलेलं होतं. पण हे बोलून दाखवावं तर पोरीला घरी मार बसेल, म्हणून तिनं ओठ दाबून धरले. गुरुजी बिचारे भले माणूस, पण पाण्यात पडलेल्या कागदाइतके खंबीर. तिला म्हणाले की सोमवारी निम्म्या लेकरांनी डबे उघडले तर समिती दुसरी बाई नेमा म्हणेल आणि माझ्या हातात काही राहणार नाही. पद्माबाईला रडू आलं नाही, संताप आला. संताप आला की तिचं डोकं चालायला लागायचं, हे अमृतरावांना माहीत होतं आणि ते अशा वेळी बैल घेऊन शेताकडं जायचे.

रविवारी सकाळी रामकिशन तिच्या दारात उभा राहिला. गावातल्या लग्नाबारशाचं आवतन घरोघर द्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या रामकिशनच्या घराकडं होता. गुरुजींनी शाळेची सूचना पोचवायला त्यालाच धरलं होतं, कारण रामकिशननं सांगितलेलं गावात कधी चुकत नाही. रामकिशनला अक्षर येत नव्हतं, आणि सहीचा कागद हातात घेऊन तो मोठ्या पेचात पडला होता.

त्याचा पेच असा. माळबोरगावात आवतनाच्या दोनच तऱ्हा. एक ‘घरटी एक’, म्हणजे घरातून एकानं जेवायला यायचं. दुसरं ‘चूलबंद’, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. आणि एकदा घेतलेलं आवतन मोडणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारण्यासारखं.

“मोठ्या माणसाला सोडून निस्त्या लेकरांचं आवतन आमी कधी दिलं न्हाई,” रामकिशन म्हणाला. “लोक मला काय म्हनतील? तुमी शिकल्यासवरल्या हाव, शाळेतल्याच हाव. घरटी एक सांगू का चूलबंद?”

पद्माबाईनं कागद हातात घेतला. खाली उकंडरावांची वेलांट्या फिरवलेली सही होती. तिच्या डोळ्यापुढं उद्याचे वीस-पंचवीस डबे उभे राहिले, आणि मग एकदम असं आलं की चूलच पेटली नाही तर डबा भरणार कशानं?

“चूलबंद सांगा,” ती म्हणाली. “अन् कोनाकडून म्हून इचारलं तर ही सही दाखवा. आन्नाची हाय.”

रामकिशनचा चेहरा खुलला. त्यानं पहिलं आवतन तिथंच तिच्या उंबऱ्यावर दिलं, कारण शाळेत जाणाऱ्या लेकरांत वाड्यातलीही लेकरं होती. गावाचं चूलबंद आवतन त्या वाड्यात आजवर कधी आलं नव्हतं. पद्माबाईला वाटलं, आपणच लावलेली कळ आपल्यालाच गोड लागून राहिली. रागाच्या भरात माणसाला पुढचं निम्मंच दिसतं म्हणतात, ते खोटं नाही. डबे येणार नाहीत एवढं तिनं धरलं. त्या बंद चुलींची माणसं कुठं जेवतील, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते सोमवारी साडेअकराला आलं. बासष्ट लेकरांचे तांदूळ आणि डाळ डेगेत रटरटत होती आणि ती वाफेत तोंड घालून हळदीचा अंदाज घेत होती, तेवढ्यात फाटकातून पहिले म्हातारबा शिरले. धुतलेलं धोतर, हातात पाण्याचा तांब्या. मागून त्यांची म्हातारी, दोन सुना, कडेवरची पोरं. त्यामागं जिवनबाईचं घर, त्यामागं भागूबाईचं. पंगतीला जाताना गाव आपापलं ताट-तांब्या घेऊन निघतं, तसं सगळं गाव ताट-तांब्या घेऊन शाळेकडं लोटलं होतं. पोरं खूश होती. गुरुजी व्हरांड्यात खांबाला धरून उभे होते. आता डबेबिबे राहिले बाजूला, पंगत अर्धपोटी उठली तर जन्मभर गाव तिचंच नाव घेणार होतं.

रामकिशन मात्र आपलं काम फत्ते झाल्याच्या थाटात फाटकाशी उभा राहून येणाऱ्याला कागद दाखवत होता.

मग उकंडराव आले. आवतन त्यांच्याही घरी गेलं होतं, पण घेतलं होतं त्यांच्या मंडळींनी, मंजुळाबाईंनी. आण्णा रविवारी कळमनुरीला गेलेले. सकाळी घरात चूल थंड दिसली तेव्हा बायकोनं सांगितलं की शाळेत जेवण आहे, तुमच्याच नावानं आहे, आणि मला विचारायची तसदी घ्यावी असं तुम्हाला वाटलं नाही. आण्णा काही न कळून, कडक टोपी घालून निघाले. वाटेत जो तो रामराम घालून म्हणत होता की आण्णानं मोठं काम केलं, सबंध गाव एका पंगतीला बसवलं. फाटकापर्यंत येईतो आण्णांची छाती थोडी फुगलीही होती. तिथं त्यांनी रामकिशनच्या हातातला कागद पाहिला, आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा खिशातला चष्मा काढला.

पद्माबाई चुलीजवळून त्यांच्याकडं बघत होती. आण्णांनी कागद वाचला: सोमवारपासून लेकरांनी शाळेतच जेवायचं, घरून डबा द्यायचा नाही, आणि खाली त्यांचीच सही. गुरुजींकडं पाहिलं, रामकिशनकडं पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. आण्णांनी हे माझं नव्हे म्हणावं, तर ते न वाचता सह्या करतात हे चारशे माणसांपुढं उघडं पडणार. शिवाय त्यांच्या नावावर सबंध गावाच्या चुली थंड पडल्या होत्या.

“बसा, बसा मंडळी,” आण्णा घसा खाकरून म्हणाले. “माझंच आवतन हाय.”

त्यानंतर पुरवायला लागलंच. आण्णांच्या घरून बैलगाडीतून नव्या तुरीच्या डाळीचं पोतं आलं, तांदळाची दोन पोती आली, लग्नातल्या मोठ्या डेगा आल्या. वाड्यातल्या बायका तांदूळ निवडायला बसल्या, जिवनबाई न सांगता कांदे चिरायला बसली. आण्णांनी हळूच एक तोडगा काढून पाहिला, की गाडी डोंगरकड्याला पाठवू आणि तिथला आचारी आणू. मंजुळाबाई सकाळपासून उपाशी होत्या आणि नवऱ्यावर तशाही चिडलेल्या होत्या.

“आचारी येईपतोर दिवस बुडंल,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. “ही बाई शिजवून राहिली तं शिजवू द्या की. आपलंच धान हाय.”

आण्णांनी आचाऱ्याचं नाव सोडलं.

लेकरांची पंगत आधी बसली. पुनम पल्लवीला चिकटून बसली आणि दोनदा मागून जेवली. मग मोठे बसले. चार-सहा घरची माणसं ताटातल्या खिचडीकडं बघत, हात न लावता, आण्णांकडं डोळे लावून होती. आण्णा यजमान, म्हणून रीतीप्रमाणे रांगांतून फिरत सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या, म्हणत होते. यजमान शेवटी जेवतो. पण भागूबाईचा सासरा म्हणाला की आण्णा, आज तुम्ही आमच्यासंगंच बसा. आण्णांच्या पोटात कावळे ओरडत होतेच. ते बसले. पद्माबाई स्वतः पातेलं घेऊन पुढं झाली आणि तिनं भरला डाव त्यांच्या ताटात वाढला. आण्णांनी वर पाहिलं नाही. घास उचलला आणि खाल्ला. रांगेतले थांबलेले हात ताटात गेले.

ऊन कलेपर्यंत पंगती उठत होत्या. डेग खरवडताना पद्माबाईनं पहिल्यांदा स्वतः घास तोंडात टाकला, आणि पुन्हा एक टाकून पाहिला. भीतीच्या भरात मोठ्या डेगेत मीठ बासष्ट लेकरांच्या मापाचंच पडलं होतं. चारशे माणसं ते अळणी खाऊन, छान झालं, छान झालं, म्हणत तोंड पुसून गेली होती. पाहुणा असंच करतो. परक्याच्या ताटात मीठ कमी असलं तर माणूस मुकाट्यानं गिळतो आणि परत त्या घरी येत नाही. रात्री तिला नीट झोप लागली नाही.

मंगळवारी दुपारी आण्णा शाळेत आले. गुरुजींनी समितीचा कागद पुढं केला, खिचडीच्या कामासाठी बाई नेमल्याचा. आण्णांनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत एकदा वाचला, पुन्हा वाचला. दाराशी उभ्या पद्माबाईला वाटलं, हा माणूस आयुष्यभराचं वाचन आजच उरकून राहिला. मग त्यांनी सही केली, चष्मा मिटला आणि उठून पत्र्याखाली चुलीजवळ आले. आत लेकरं जेवत होती. एकही डबा दिसत नव्हता.

“चूलबंद कोनं सांगितलं ते रामकिशननं सांगितलं मला,” आण्णा हळू आवाजात म्हणाले.

आता काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून पद्माबाई पदर खोचून उभी राहिली.

आण्णांनी डेगेत डोकावून पाहिलं. मग जरा चिडूनच म्हणाले, “पद्माबाई, काल मीठ लई कमी व्हतं. आज चाखून तरी पाह्यलं का न्हाई?”

काल चारशे माणसं जेवली, पण मीठ कमी म्हणणारा हा पहिलाच. आणि आजवर ज्याच्या तोंडी ती कायम ‘अमृतरावची बायको’ होती, त्यानं तिचं नाव घेऊन तक्रार केली होती. मीठ कमी, असं माणूस फक्त घरच्या बाईला म्हणतो. पद्माबाईला हसू फुटायला लागलं, ते तिनं पदराच्या टोकात दाबलं. तिथंच पडलेली एक थाळी उचलून तिनं डावभर खिचडी वाढली आणि त्यांच्यापुढं धरली.

“तुमीच चाखून सांगा, आन्ना,” ती म्हणाली. “पुनमचं पोट नाजूक हाय.”