डाव्या टेकूची फट

"मिस व्हर्ना, वाईट वाटतंय हो मला, पण तुमचे टेकू लावलेली एकही गाडी आता माझ्या ट्रॅकवर पळणार नाही," असं म्हणून हॉलिसने टोपी काढून छातीशी धरली. मयताला आल्यासारखा उभा होता माझ्या शेडच्या दारात.

मी वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "टोपी घाल आधी. इथं कोणी मेलेलं नाही."

"शनिवारी मेला असता की रॉइस! हिरवा दिवा लागला आणि गाडी सरळ डावीकडे, भिंतीला घासली. अख्ख्या गावाने बघितलं. आता जो तो म्हणतोय, व्हर्नाच्या शेडमधला स्वस्तातला माल."

"तुझ्या कॅन्टीनमधला चिली डॉग महाग आहे. म्हणून चांगला आहे का?"

हॉलिसला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. तसा पोरगा वाईट नाही. बापाकडून ट्रॅक आला, ट्रॅकबरोबर विमावाले आले आणि तेव्हापासून तो सगळ्यालाच भितो. शेवटी म्हणाला, "असं करू. येत्या शनिवारी रॉइसची तीच गाडी आणा. काय बिघडलं होतं ते चार लोकांत सांगा आणि सरळ पळवून दाखवा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

"आणते. आणि तू पुढे उभा राहून बघ."

तो गेल्यावर मी हातातला टेकू असा आपटला की बाहेरच्या कोंबड्या ओरडत सुटल्या.

आमच्या केंटकीच्या या कोपऱ्यात जुन्या गाड्या सरळ पट्ट्यावर, दोन-दोनच्या शर्यतीत पळवणं हा श्रीमंतांचा शौक नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात पाळी करणारे, शाळेची बस चालवणारे, आजोबांची गाडी वाट्याला आलेल्या पोरी, अशी माणसं येतात. त्या गाड्यांची मागची चाकं लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर असतात. इंजिनाचा सगळा जोर एकदम मागे गेला की ॲक्सल पिळवटतो, पाटा वाकतो आणि टायर थडथड उड्या मारत जागेवरच नाचतात. माझा टेकू पाट्याखाली बसतो, त्याला पिळू देत नाही आणि टायर जमिनीवर दाबून धरतो. गाडी कापायची नाही, तिला वेल्डिंगचा डाग द्यायचा नाही. चार बोल्ट आवळले की झालं. कॅटलॉगमधले चकचकीत टेकू घ्यायचे तर त्या पैशात माझे तीन जोड येतात. ज्याच्याकडे पैसा त्यानेच पळावं आणि बाकीच्यांनी कुंपणाला नाक लावून बघावं, हे मला कधीच पटलं नाही, आणि मरेपर्यंत पटणार नाही.

आता रॉइस. रॉइस टॅडलॉक हा माझा घटस्फोटित नवरा. वाटणीत घर मला मिळालं, सदुसष्ट सालची नोव्हा गाडी त्याला मिळाली आणि भांडण दोघांत राहिलं. टेकू मी बनवायचे आणि पळवून त्याने दाखवायचे, हे मात्र कधी थांबलं नाही. लोक त्याची नोव्हा बघायचे आणि सोमवारी माझ्या दारात यायचे.

त्याची गाडी मी शेडमध्ये घेतली आणि दोन्ही टेकू काढून बघितले. एकेका जोडावर हातोडी मारून कान लावला. कुठे तडा नाही, बोल्ट सैल नाही. मग गाडी डावीकडे गेली कशी? माझं डोकं फिरायची वेळ आली.

गुरुवारी दुपारी रॉइस आला. मे महिना, अंगातून घाम निथळतोय, आणि या बाबाने गळ्यापर्यंत चेन लावलेला जाड डगला घातलेला.

"काय गं, सापडला का गुन्हेगार?"

"समोरच उभा आहे. चालवता येत नाही ते येत नाही, आणि वर माझं नाव खराब."

"तीस वर्षं चालवतोय मी!"

"तीस वर्षं चुकतोयस."

टेकूच्या पुढच्या टोकाला एक बोल्ट असतो. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, चालवणाऱ्याचं वजन सीटवर, म्हणजे आमच्याकडे डाव्या बाजूला, असताना, तो पाट्याला नुसता टेकला पाहिजे. गाडी जॅकवर लटकवून किंवा सीट रिकामी ठेवून तो लावला तर सगळं चुकतं. रॉइस दिवसभर धान्याच्या कोठारावर कामाला, म्हणून त्याच्या जागी मी कोंबड्यांच्या खाद्याची पोती बसवायची. पन्नास पौंडांचं एक, अशी पाच पोती म्हणजे रॉइस. गावात चेष्टाच होती तशी. पाच पोती ठेवली की बोल्ट दोन्हीकडे बरोबर टेकायचा. आताही टेकत होता.

"पोती काढते. तू बस."

"कशाला? पोती आहेत की."

"पोती नाही गेली भिंतीवर. तू गेलास. बस म्हणते ना!"

तो कुरकुरत बसला. मी पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. उजवीकडे ठीक होतं. डावीकडे हात घातला तर माझं नख आत गेलं. फट होती. जमीन उंचसखल असेल म्हणून गाडी पुढे ढकलून पुन्हा बघितलं. फट तेवढीच. म्हणजे हिरवा दिवा लागला की उजवं चाक आधी पकडणार आणि गाडी डावीकडे वळणार. शनिवारी तेच झालं होतं.

"रॉइस, वजन किती तुझं?"

"अडीचशे पौंड. नेहमीचं."

"उतर खाली."

मी पोती परत चढवली, मग एकेक काढत गेले. शेवटी एक पोतं फोडून अर्धं खाद्य घमेल्यात ओतलं. साडेतीन पोत्यांवर डावीकडे तेवढीच फट पडली.

तो बारीक झालाय हे मला दिसत होतं. आंधळी नाही मी. चर्चमधली ती ओपल त्याला पालापाचोळा खायला घालते, असं मला वाटायचं. तसं मी त्याला टोचूनही बोलले होते, आणि तो हसला होता.

"दीड पोतं कुठं गेलं?"

"अगं, ओपल मला रोज सॅलड..."

"ओपलचं नाव घेशील तर हा पाना डोक्यात घालीन."

तो नोव्हाला टेकला. डगल्याची चेन थोडी खाली ओढली. आत मानेची हाडं दिसत होती. "स्वादुपिंडाचा कॅन्सर," तो म्हणाला. "थंडीतच कळलं. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वर्षीचा उन्हाळा काही दिसत नाही."

मी पाना फेकला. त्याच्यावर नाही, भिंतीवर. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"बघ. म्हणूनच नाही सांगितलं."

"खोटारड्या! तुझं वजन तू चोरलंस, आणि चोर ठरले माझे टेकू?"

"चुकलं माझं." हे तो अगदी सहज म्हणाला. "पण हॉलिसला कळलं तर तो मला गाडीत पाय ठेवू देणार नाही. मग सगळे येतील, आजाऱ्यासाठी जेवणाची झाकलेली भांडी हातात घेऊन, तोंडं पाडून. सोफ्यावर बसवतील मला. व्हर्न, मला ते नको गं. मला तो हिरवा दिवा पाहिजे. जेवढे शनिवार मिळतील तेवढे."

"चक्कर येते का?"

"नाही. दम लागतो नुसता. एका फेरीत काय होतंय?"

खरं सांगितलं असतं तर माझे टेकू त्याच क्षणी निर्दोष सुटले असते. टेकूंचा दोष नाही, माणूस आजारी आहे, एवढं एक वाक्य. हॉलिसने माफी मागितली असती. रॉइस मात्र दुसऱ्या दिवशी सोफ्यावर गेला असता.

मी गाडीखाली जाऊन रडले. तिथे जायला निदान निमित्त होतं. वरून तो म्हणाला, "किती वेळ लावतेस?" मी ओरडले, "हलू नकोस, बैस गप्प!" आणि त्याच्या खऱ्या वजनावर डावीकडचा बोल्ट पाट्याला टेकवला.

शनिवारी तपासणीच्या रांगेत हीऽ गर्दी. हॉलिस वाकून गाडीखाली बघून आला. "तर मिस व्हर्ना, काय होतं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. या गावात मला कोणी 'चुकलं' म्हणताना ऐकलेलं नाही. मी बँकेला ऐकवलंय, पास्टरला ऐकवलंय, आणि तो शब्द कधी तोंडातून काढलेला नाही.

"चूक माझी," मी म्हणाले. "लावताना डावीकडे फट राहिली. टेकू ठणठणीत आहेत. माझा हात चुकला."

कोणीतरी शिट्टी मारली. कॅटलॉगचा महागडा माल विकणारा बर्ल तिथेच होता. दात काढत म्हणाला, "वय झालं तुमचं, मिस व्हर्ना."

"झालं. तुझंही होऊ दे. सगळ्यांचं होत नाही."

गाडीच्या टपापलीकडून रॉइस माझ्याकडे बघत होता. डोळे भरले होते गाढवाचे. मग घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "हे वाक्य लग्नात एकदा जरी म्हणाली असतीस ना बाई, तर वकिलाचे पैसे वाचले असते!"

सगळे हसले. हॉलिसने हात वर करून गाडी सोडली.

मी कुंपणाला धरून उभी होते. टायरांचा धूर झाला, खांबावरचे दिवे वरून खाली एकेक लागत आले, हिरवा लागला. नोव्हाचं नाक उचललं, मागची दोन्ही चाकं एकदम जमिनीला भिडली आणि गाडी सरळ गेली. शेवटपर्यंत सरळ. शेजारची बर्लचा माल लावलेली गाडी बरीच मागे राहिली. लाउडस्पीकरवरून हॉलिस ओरडला, "मिस व्हर्नाचे टेकू पास! आणायचे त्यांनी खुशाल आणा!" मी पण ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पास्टरसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

रॉइस गाडी परत घेऊन आला, इंजिन बंद केलं, आणि दार काही उघडेना.

मी जवळ गेले. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, ओठ पांढरे पडले होते, श्वास नुसता वरच्या वर चालला होता. मागून माणसं यायला लागली होती, त्याची पाठ थोपटायला. हॉलिस सगळ्यात पुढे.

मी खिडकीत दोन्ही कोपरं घातली, लोकांकडे पाठ केली आणि तोंड सोडलं. "अरे बैला, गिअर टाकायला कोणाची परवानगी मागत होतास? माझी आजी याहून लवकर टाकायची! गाडी चालवतोस की नांगर?"

पावलं थांबली. "झालं यांचं सुरू," हॉलिस म्हणाला. "चला रे, मागे व्हा. त्यांना भांडू द्या."

रॉइसने माझी बाही घट्ट धरली. "अजून," तो पुटपुटला. "अजून थोडा वेळ भांड."

आमच्या लग्नाचा केक त्याने पिकअपमध्ये उघडा ठेवला होता आणि चर्चपर्यंत पोचताना त्याच्यावर धूळ बसली होती. मी तिथपासून सुरुवात केली.